पंचगंगेची पातळी प्रोग्रॅमनं वाचताना: ४२.१० म्हणजे ४२.१ नव्हे

कुंभारगल्लीचा_पोरगा

मंडळी, नमस्कार. पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हे आत्ताच लिहितो. जाणकारांनी चुका काढाव्यात आणि ज्यांना असलंच काही करायचंय त्यांनी माझ्यासारखी ठेच खाऊ नये, एवढ्यासाठी हा धागा.

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीत. वडील आणि दोघे चुलते गणपती करतात. जुलै-ऑगस्ट म्हणजे मूर्ती रंगावर यायचे दिवस, आणि पंचगंगेला पाणी चढायचेही तेच दिवस. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा गणपतीला महिनाही उरला नव्हता. शाडूची मूर्ती भिजली की उचलायला गेलं तर हातात नुसता चिखल येतो. आमच्या शेडातल्या मूर्ती माळ्यावर आणि ओळखीच्यांच्या घरी हलवायला अख्खी रात्र जाते. म्हणजे रात्रभर आधी कळलं तर उपयोग, पाणी दारात आल्यावर कळून काय करायचं?

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत नोकरीला आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तिथल्याच कामासाठी शिकलो. पाणी वाढलं की घरात सगळे तासातासाला फोनवर पातळीचं पान उघडून बघत बसायचे. म्हटलं हे काम प्रोग्रॅमनं करावं. दर पंधरा मिनिटांनी पान आणायचं, राजाराम बंधाऱ्याचा आकडा काढायचा, आधीच्या आकड्याशी ताडून बघायचा आणि टेलिग्रामवर गल्लीच्या गटात टाकायचा. चाळीस-पन्नास ओळींत झालं. आठवडाभर बरोबर चाललं, गल्लीतली माणसं मला विचारून वाहनं ठरवायला लागली.

मागच्या एका पावसाळ्यातली रात्र. आठ वाजता पानावर आकडा होता ४२.९. नऊ वाजता ४२.१०. माझ्या प्रोग्रॅमनं गटात संदेश टाकला, ‘पाणी ०.८ फुटानं उतरलं.’ गल्लीत दोघांनी मूर्ती हलवायचं थांबवलं. वडील जयंती नाल्याकडं बॅटरी घेऊन गेले होते. परत आले ते सरळ शेडात, चिखलाच्या पायांनीच. म्हणाले, ‘कुठलं उतरतंय? नाल्याचं पाणी मागं फिरलंय. उठवा पोरांना.’

पानावर टिंबाच्या पुढं इंच होते. ४२.९ म्हणजे ४२ फूट ९ इंच, ४२.१० म्हणजे ४२ फूट १० इंच. पाणी एक इंचानं चढलं होतं. मी त्याचं दशांश अपूर्णांक करून टाकलं, ४२.१० चं झालं ४२.१, आणि चढलेलं पाणी उतरलेलं दिसलं. ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्याच्या दोन इंच अलीकडं मी माणसांना निर्धास्त केलं. वडिलांनी उठवलं म्हणून सगळ्यांच्या मूर्ती वाचल्या. पण ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता मी आकडा आधी अक्षरांच्याच रूपात ठेवतो. टिंबावर तोडतो, डावीकडचं गुणिले बारा, अधिक उजवीकडचं. ४२.९ चे ५१३ इंच, ४२.१० चे ५१४, ४२.११ चे ५१५. इशाऱ्याची ३९ फूट म्हणजे ४६८ इंच, धोक्याची ४३ फूट म्हणजे ५१६. सगळी तुलना इंचात, आणि माणसाला दाखवताना परत फूट-इंच. उजवीकडचा आकडा ११ च्या वर आला तर प्रोग्रॅम गप्प बसत नाही, ‘आकडा समजला नाही, पान स्वतः बघा’ असं लिहितो.

अजून कुठं कुठं असले खड्डे असतील, सांगा.

सायली_राजारामपुरी

दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. पान आणणं हा यातला सोपा भाग, आणलेल्या पानावर कितपत विश्वास ठेवायचा हा अवघड. मी हेच काम रोज करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे टाइमआउट, उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मुदत. तुम्ही पायथनची पान आणायची ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी वापरत असाल तर लक्षात घ्या, टाइमआउट आपण दिला नाही तर ती मुळात थांबायचं नावच घेत नाही. सर्व्हरनं, म्हणजे पान देणाऱ्या संगणकानं, फोन उचलला आणि बोललाच नाही, तर तुमचा प्रोग्रॅम कानाला रिसीव्हर लावून सकाळपर्यंत उभा. पुराच्या रात्री नेमकं हेच होतं, कारण अख्खा जिल्हा ते पान उघडत असतो. जोडणीला ५ सेकंद आणि वाचायला २० सेकंद असे दोन वेगळे आकडे द्या. त्यातला दुसरा आकडा पूर्ण पान यायची मुदत नव्हे. सर्व्हर जितका वेळ एकही बाइट पाठवत नाही, तेवढ्या गप्पपणाची ती मुदत आहे. थेंब थेंब पाठवणारा सर्व्हर त्यातून निसटतो. म्हणून सगळ्या कामावर वेगळं घड्याळ लावा.

दुसरं, सर्व्हरकडून २००, म्हणजे ‘मिळालं’ ही खूण, आली म्हणून पान बरोबर आलं असं नाही. ‘सेवा तात्पुरती बंद आहे’ असं लिहिलेलं पानसुद्धा २०० या खुणेनं येतं, मी कितीदा तरी बघितलंय. पानात ‘राजाराम’ हा शब्द आहे का, हे आधी तपासा.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं: पानावरची वेळ. तुम्ही पान ९ वाजता आणलं म्हणजे आकडा ९ चा होत नाही. आकड्याशेजारी वेळ छापलेली असते तीही उचला आणि संदेशात तीच लिहा.

अनुराधा_उत्तरेश्वर

मी प्रोग्रॅमिंग करत नाही, पण धागा वाचून राहवेना. आमच्याही पेठेत खालच्या बाजूला पाणी येतं. प्रोग्रॅम पान ‘आणतो’ म्हणजे नेमकं काय करतो? आपण फोनवर बघतो तेच त्याला दिसतं का?

सायली_राजारामपुरी

अनुराधाताई, छान विचारलंत. प्रोग्रॅमला ‘दिसत’ काहीच नाही, त्याला फक्त मजकूर मिळतो.

आधी तो साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता विचारतो. त्या पत्त्यावर जोडणी करतो आणि ‘गेट’ असं म्हणून हवं ते पान मागतो. १९९१ साली वेबच्या अगदी पहिल्या रूपात एवढंच होतं, ‘गेट’ची एक ओळ जायची आणि मजकूर परत यायचा. आता उत्तराचे तीन भाग असतात. एक अंकी खूण: २०० म्हणजे मिळालं, ४०४ म्हणजे असं पान नाही, ५०३ म्हणजे सर्व्हरला आत्ता जमत नाही. मग मजकुराबद्दलची माहिती, म्हणजे तो कुठल्या प्रकारचा आहे, कुठल्या अक्षरपद्धतीत आहे. आणि शेवटी प्रत्यक्ष मजकूर, खुणांनी भरलेला एचटीएमएल. फोनवरचा ब्राउझर त्या खुणा वाचून तक्ता मांडतो, रंग देतो. प्रोग्रॅम रंगबिंग बघत नाही, त्या खुणांच्या जंगलातून आपल्याला हवा तो आकडा शोधतो.

कधी कधी मात्र मजकुरात आकडा नसतोच. पान उघडल्यावर आतलं जावास्क्रिप्ट मागाहून दुसरीकडून आकडे आणतं. ब्राउझर ते जावास्क्रिप्ट चालवतो, साधा प्रोग्रॅम चालवत नाही, म्हणून त्याला रिकामा तक्ता मिळतो. अशा वेळी ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कच्या खणात बघायचं, आकडे कुठून येतात ते. बहुतेकदा तिथं स्वच्छ जेसन, म्हणजे प्रोग्रॅमला सहज वाचता येईल अशी मांडलेली माहिती, मिळतं, आणि तक्ता खरवडायची गरजच उरत नाही.

गडहिंग्लजचा_सागर

भावा, इंचाचं वाचून अंगावर काटा आला. माझा अनुभव सांगतो. माझा कोड पीएचपी या दुसऱ्या भाषेत होता, आणि पानावरचे आकडे देवनागरी. पीएचपीला ‘३९’ दिला आणि पूर्णांक कर म्हटलं की ती शून्य देते. एरर नाही, काही नाही, नुसतं शून्य. माझ्या तक्त्यावर दोन दिवस नदीची पातळी शून्य फूट! उन्हाळा होता म्हणून बरं.

पायथनला मात्र देवनागरी आकडे कळतात, ‘३९’ दिलं की सरळ ३९ होतं. जावास्क्रिप्टला कळत नाहीत, ती ‘हा आकडाच नाही’ म्हणते. एका भाषेत चालणारा कोड दुसरीकडं नेला की असा घोटाळा होतो. आता मी काहीही असलं तरी आधी देवनागरी अंक बदलून घेतो.

आणि एक. पानावर एक दिवस ‘फूट’ असतं, दुसऱ्या दिवशी ‘फुट’. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपण डोळ्यानं चालवून घेतो, प्रोग्रॅम घेत नाही. दोन्ही धरा.

चिखलीकर

प्रयाग चिखलीचा शेतकरी आहे मी. सगळं वाचलं, निम्मं कळलं, पण एक बोलतो. आमच्याकडं ३९ फूट व्हायची वाट कोण बघत नाय. जनावरं हलवायची असतात. आम्हाला ‘किती’ यापेक्षा ‘किती वेगानं’ हे पाहिजे. दिवसभरात पाच फूट चढलं की ३४ वर असतानाच म्हशी सोडवायच्या. रात्री दावणीला पाणी लागल्यावर म्हैस अंधारात पाण्यात उतरायला तयार होत नाय, बघितलंय आम्ही.

आणि राधानगरी धरणाचे दरवाजे. सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी भरलं की आपोआप उघडतात. किती उघडले ते संदेशात आलं तर आम्हाला पुढचा अंदाज येतो. ते पाणी इथं पोचायला वेळ लागतो, तेवढाच वेळ आमच्या हातात.

कुंभारगल्लीचा_पोरगा

चिखलीकर मामा, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. गल्लीला ४३ कळलं की पुरतं असं मी धरून चाललो होतो. आता मागच्या तीन तासांत किती इंच आणि मागच्या बारा तासांत किती इंच, असे दोन आकडे संदेशात घालतो. दरवाजांची माहिती दुसऱ्या पानावर असते, तेही आणतो.

सायलीताई, पानावरच्या वेळेबद्दल सांगितलंत ते लगेच तपासलं. जुन्या नोंदी काढल्या. त्याच रात्री अकरा ते दोन पानावरचा आकडाच बदलला नव्हता, वेळही ११ चीच होती. आणि माझा प्रोग्रॅम दर पंधरा मिनिटांनी ‘पातळी स्थिर’ लिहीत होता! स्थिर काही नव्हतं. पान थांबलं होतं, नदी चालू होती.

सायली_राजारामपुरी

हेच. म्हणून प्रोग्रॅमला तिसरं उत्तर शिकवा. चढलं, उतरलं, आणि ‘मला ठाऊक नाही’. आकडा दीड-दोन तासांपेक्षा जुना असेल तर स्थिर हा शब्द वापरायचाच नाही. ‘११ नंतर नवा आकडा आलेला नाही’ असं लिहायचं. आणि प्रोग्रॅमच बंद पडला तर? तेव्हा गटात शांतता होते आणि माणसं शांततेचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा लावतात. म्हणून पुराच्या दिवसांत दर तासाला काही ना काही आलंच पाहिजे, आणि आलं नाही तर समजायचं की यंत्र पडलंय. हे गल्लीतल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

निपाणीवेस

माझा एक अडलेला प्रश्न. ब्राउझरमध्ये पान व्यवस्थित उघडतं, पण पायथन म्हणतो सर्टिफिकेट, म्हणजे साइटची ओळख पटवणारा दाखला, बरोबर नाही. इंटरनेटवर सगळीकडं तपासणी बंद करायचा सल्ला दिलाय. केली तर चालेल का?

सायली_राजारामपुरी

नका करू. तपासणी बंद केली की मधला कोणीही त्या पानाच्या नावानं काहीही आकडा पाठवू शकतो, आणि तुम्ही तो गल्लीला वाटणार.

कारण बहुधा असं आहे: साइटचं सर्टिफिकेट, त्याच्यावर सही करणारं मधलं सर्टिफिकेट आणि मूळ सर्टिफिकेट अशी साखळी असते. सर्व्हरनं पहिली दोन पाठवायची असतात. पुष्कळ ठिकाणी मधलं लावायचं राहून जातं. ब्राउझर हुशार असतो, ते मधलं स्वतः शोधून आणतो किंवा आधी कधी मिळालेलं वापरतो. पायथन तसं करत नाही, म्हणून तिथं साखळी तुटते. ते मधलं सर्टिफिकेट ज्या संस्थेनं दिलंय तिच्या साइटवरून उतरवून घ्या, मूळ सर्टिफिकेटांच्या फाइलच्या प्रतीत जोडा आणि तपासणीसाठी त्या फाइलचा पत्ता द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

निपाणीवेस

झालं! मधलं सर्टिफिकेटच नव्हतं. मनापासून आभार, ताई. दोन रविवार घालवले होते यात.

आता मजकूर येतोय पण मराठी अक्षरांच्या जागी सगळी ‘अ’वर टोपी घातल्यासारखी रोमन चिन्हं येतात.

सायली_राजारामपुरी

युनिकोडमधलं देवनागरी अक्षर यूटीएफ-८ या आजच्या नेहमीच्या अक्षरपद्धतीत तीन बाइटचं असतं. सर्व्हरनं अक्षरपद्धत सांगितली नाही तर रिक्वेस्ट्स ती जुनी पाश्चात्त्य अक्षरपद्धत धरते, आणि एकेका बाइटचं एकेक चिन्ह करते. म्हणून एका ‘क’ची तीन चिन्हं. अक्षरपद्धत यूटीएफ-८ अशी हातानं सांगा, किंवा मजकुराऐवजी कच्चे बाइट पार्सरला, म्हणजे एचटीएमएल उलगडणाऱ्या लायब्ररीला, द्या, तो पानातच लिहिलेली पद्धत वाचून घेतो.

पान फार जुनं असेल तर मात्र ते युनिकोडमध्येच नसेल. पूर्वी रोमन अक्षरांवर मराठी आकार चढवलेले फाँट वापरायचे. तिथं त्या फाँटचा तक्ता घेऊन अक्षर अन् अक्षर बदलावं लागतं.

गडहिंग्लजचा_सागर

तक्त्यावरनं आठवलं. ‘तिसऱ्या ओळीतला चौथा रकाना’ असं कोडमध्ये कधी लिहू नका. एकदा वर नवी ओळ आली आणि मी राजारामच्या नावाखाली रुई बंधाऱ्याचा आकडा दाखवत बसलो. आधी ‘राजाराम’ लिहिलेली ओळ शोधायची, मग रकान्याचं शीर्षक बघून आकडा घ्यायचा.

बावड्याचे_मास्तर

मी निवृत्त शिक्षक, मुक्काम कसबा बावडा. राजाराम बंधारा माझ्या रोजच्या फिरण्यावर आहे. तुम्हा मुलांची तळमळ बघून बरं वाटलं.

माझी एक शंका आहे. त्या पानावर तुमच्यासारखे शंभर जण शंभर प्रोग्रॅम लावून बसले, तर ज्याला खरोखर पान बघायचंय त्याला ते उघडेल का?

कुंभारगल्लीचा_पोरगा

सर, नमस्कार. शंका अगदी रास्त आहे. अगदी सुरुवातीला करून बघताना मी दर मिनिटाला पान मागायचो, लाज वाटते सांगायला. आकडा बदलतो तासाला. म्हणून पंधरा मिनिटांनी मागायला लागलो, आणि आता मागताना सांगतो की माझ्याकडं अमुक वेळेचं पान आहे, बदललं असेल तरच दे. बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच म्हणतो, मजकूर पाठवत नाही. ४२९ (फार वेळा मागताय) किंवा ५०३ आलं तर लगेच परत मागत नाही, ‘इतक्या वेळानं या’ असं त्यांनी सांगितलं असेल तर तेवढं थांबतो, नसेल तर दर वेळी दुप्पट थांबतो.

शिवाय विनंतीत प्रोग्रॅमचं नाव आणि माझा ईमेल लिहितो, म्हणजे त्यांना त्रास झाला तर मला सांगता येईल. साइटच्या मुळाशी ‘रोबोट्स’ नावाची फाइल असते, प्रोग्रॅमनं कुठं यावं आणि कुठं येऊ नये हे त्यात लिहितात. १९९४ पासूनचा हा रिवाज आहे, २०२२ मध्ये त्याचं रीतसर मानक झालं. ती वाचूनच सुरू केलं.

उलट गल्लीतली दीडशे माणसं तासाला दहा वेळा पान उघडायची, ती आता उघडत नाहीत. एकानं आणायचं, सगळ्यांनी वाचायचं. नळाला एकानं घागर लावावी तसं.

सायली_राजारामपुरी

यावरून सांगते, ‘कर्ल’ हे पान आणायचं साधन आज जवळजवळ प्रत्येक संगणकात असतं. त्याचा उगमही असाच आहे. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना चलनांचे दर वेबवरून आणून गप्पांच्या खोलीतल्या लोकांना दाखवायचे होते, त्यासाठी त्यांनी एक लहानसा प्रोग्रॅम हाती घेतला. १९९८ मध्ये त्याचं नाव कर्ल झालं. एकानं आणून सगळ्यांना सांगायचं, तिथूनच सुरुवात.

चिखलीकर

समदं खरं, पण लाइट गेल्यावर काय? २०१९ ला आमच्याकडं लाइट नव्हती, फोन मेले होते, शिरोलीला हायवे पाण्याखाली. तवा पान कोण आणणार आन कोण वाचणार?

कुंभारगल्लीचा_पोरगा

मामा, तेव्हा हा प्रोग्रॅम कामाचा नाही, हे मी गटात पहिल्याच संदेशात लिहून ठेवणार आहे. त्याचा उपयोग पाणी यायच्या आधीच्या दोन रात्रींपुरता. प्रोग्रॅम मी घरच्या संगणकावरून काढून बाहेरच्या सर्व्हरवर ठेवलाय, म्हणजे गल्लीतली लाइट गेली तरी तो चालेल. आणि गटात प्रत्येक बोळातला एक माणूस ठरवलाय, ज्याच्याकडं साध्या बटणाच्या फोनवर एसएमएस जाईल आणि जो दारं ठोठावेल. वडील रोज रात्री नाल्यावर जाऊन बघणार ते बघणारच, त्यांनी सांगितलेलं पाणी मी गटात आकड्याच्या वर लिहितो.

बावड्याचे_मास्तर

मग माझंही काम ठरलं. पाणी वाढायला लागलं की सकाळी ७ आणि संध्याकाळी ६ ला मी बंधाऱ्यावरच्या पट्टीचा आकडा डोळ्यांनी वाचून इथं टाकत जाईन, सुरक्षित अंतरावरून दिसेल तोवर. तुमच्या प्रोग्रॅमच्या आकड्याशी ताडून बघा. तीन इंचांपेक्षा जास्त फरक आला तर मला फोन करा, मी परत जाऊन बघेन.

आज ७ वाजता पट्टीवर १९ फूट ४ इंच.

कुंभारगल्लीचा_पोरगा

सर, पानावर अजून ६ चाच आकडा आहे, १९.३. सातचा आला की लगेच इथं लिहितो.